धाकटीच्या पाठीवरच्या पट्ट्या

माझ्या धाकट्या जावेच्या कपाळावर टिकलीच्या जागी आधी खाज आली, मग पुरळ, मग पांढरा डाग. डाग दिसताच दिरानं कंपनीतून रजा काढली आणि तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ॲलर्जी नेमकी कशाची ते शोधायला बाईंनी तिच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. पट्ट्यांत बारीक बारीक ठिपके: कुठे टिकलीचा गोंद, कुठे रबर, कुठे केसांचा डाय, कुठे खोट्या दागिन्यांतलं निकेल. दोन दिवस पाठ भिजवायची नाही, घाम येऊ द्यायचा नाही.

"मोठे, तिला कशालाच हात लावू देऊ नको," सासूबाई मला म्हणाल्या. "लई जपायचंय."

जपलं. सिडकोतल्या आमच्या घरातला एकुलता एक कूलर तिच्याकडे वळला. ती कॉटवर पालथी पडून मोबाइल बघायची, दीर हातात चहा आणून द्यायचा, आणि तिच्या वाटणीचीही भांडी मी घासायचे. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखत होतं. डाग तिला लखलाभ, पण तो कूलर, तो चहा! मी मुद्दाम पातेली आपटायचे. माझी बोटं कित्येक वर्षं भेगाळलेली. साबणानं चरचरायची, कणीक मळताना रक्त यायचं. झोपताना खोबरेल चोपडायचं आणि सकाळी पुन्हा मोरीत बसायचं. याला घरात कुणी आजार म्हटलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नसेल, अशी मी मनाची समजूत घालायचे. नवऱ्याला तर वरणात मीठ नसलं तरी कळत नाही.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढायच्या होत्या. दिराला रजा मिळेना, म्हणून रिक्षानं मी तिला घेऊन गेले. बाईंनी पट्ट्या सोलल्या, थोड्या वेळानं पाहिलं. टिकलीच्या गोंदाच्या जागी पाठ लालबुंद फुगली होती.

"सापडलं. दोन दिवसांनी पुन्हा एकदा बघू," बाई म्हणाल्या.

मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हिचं दुखणंसुद्धा किती पटकन सापडतं!

मी तिच्या हातात ब्लाउज देत होते, तेव्हा बाईंचं माझ्या बोटांकडे लक्ष गेलं. "हे कधीपासून?"

"कामाचे हात आहेत," म्हणत मी ते पदराखाली घेतले.

"आठ वर्षं झाली, मॅडम," हुक लावता लावता धाकटी म्हणाली. "मी लग्न होऊन आले तवापासून बघते. कणकेला रक्त लागतं त्यांचं."

बाईंनी माझ्या नावाचा कागद काढला. मला मात्र तिचाच राग आला. बाहेर बाकड्यावर येताच मी तिला धरलं, "एवढं दिसत होतं, तर घरात कधी बोलली का नाहीस?"



"बोलले ना, ताई. दादांना दोनदा सांगितलं व्हतं."

दादा म्हणजे माझा नवरा.