लढायांचं कपाट

लग्न होऊन बायको बेंगळूरच्या चामराजपेटेतल्या आमच्या लहानशा घरात आली, तेव्हा तिची ट्रंक ठेवायला जागा नव्हती. भिंतीतलं कपाट भरून पुस्तकं पलंगाखाली आणि देव्हाऱ्याच्या फळीखालीसुद्धा गेली होती, आणि ती सगळी लढायांची. दोन्ही महायुद्धं, रशियातली क्रांती, स्पेनमधली यादवी, झालेले तह आणि मोडलेले तह. बरेच दिवस तिनं ते चालवून घेतलं. मग एकदा माझी आत्या आली आणि तिला दाराशीच सतरंजी टाकून बसवावं लागलं. आत्या गेल्यावर बायको म्हणाली, "पाहुण्याला टेकायला जागा नाही या घरात. जर्मन फौजेला मात्र आहे."

हा नाद मला कॉलेजात असताना लागला. इंग्रज गेले आणि कॅन्टोन्मेंटातले बंगले एकेक करून रिकामे व्हायला लागले. पियानो, काचेची भांडी, वाघाची कातडी यांचे लिलाव व्हायचे, पण पुस्तकांना कोणी विचारायचं नाही. ती पोत्यात भरून शिवाजीनगरच्या बाजारात यायची. आमच्या घरातली म्हातारी माणसं त्या भागाला तेव्हाही ब्लॅकपल्लीच म्हणायची. तिथं मटणाच्या दुकानांच्या पलीकडे, पितळेच्या भांड्यांना ठोकठोक चालायची त्या गल्लीत, एका वयस्क रद्दीवाल्याचं दुकान होतं. कागद तो वजनावर घ्यायचा आणि बहुतेक वजनावरच विकायचा. कचेरी शनिवारी दुपारी सुटली की मी सायकल तिकडे वळवायचो. मी गल्लीच्या तोंडाशी दिसलो की तो आतूनच ओरडायचा, "आओ साब, जंग आयी!"

आणि खरंच आलेली असायची. कुठल्या तरी क्लबाचा शिक्का असलेले जाडजूड ग्रंथ, पाठीवरची सोनेरी अक्षरं उडालेली. सेनापतींच्या आठवणी, मंत्र्यांच्या आठवणी. मध्येच घडी घातलेला नकाशा, तो उलगडला की आफ्रिकेचं अख्खं वाळवंट मांडीवर. कुणी मेजर समासात शिसपेन्सिलीनं "साफ खोटं" असं लिहून गेलेला असायचा. घरी आणून मी पुस्तकं उन्हात घालायचो, कसर झटकायचो, पानांत कडुलिंबाचा पाला ठेवायचो. एवढं करून ती वाचायचोही. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारणाऱ्या माणसाला संध्याकाळी सबंध युरोपचा नकाशा समोर पसरून बसायला मिळावं, यात सुख होतं. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर या मुलखात आले असं घरात अभिमानानं सांगत. त्यांच्यानंतर आमच्या घरात कुणी तलवार सोडा, काठीही उचलली नव्हती.

शेजारच्या घरात अक्का राहायच्या. आमच्याच लोकांतल्या, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. नवरा लवकर गेला. खिडकीशी शिवणयंत्र ठेवून परकर-झंपर शिवत त्यांनी एकुलता मुलगा वाढवला होता. तो मुलगा फौजेत गेला तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांनी त्यांना बोल लावला. अक्का म्हणाल्या, "त्याला जायचं होतं, गेला. मी काय त्याला झंपर शिवायला बसवू?"

मग बासष्ट साल आलं आणि चीनशी लढाई सुरू झाली.

त्या शनिवारी मी शिवाजीनगरला गेलो. रद्दीवाल्यानं मला पाहिलं, पण ओरडला नाही. मी जवळ गेल्यावर हळूच म्हणाला, "किताबां आये हैं, साब." पुढं त्यानं "जंग" हा शब्द माझ्यापुरता बंदच केला.

आमच्याकडे रेडिओ होता. मुलाची पलटण तिकडेच गेलेली, म्हणून संध्याकाळच्या बातम्यांना अक्का आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागल्या. कधी न ऐकलेल्या गावांची नावं यायची. एकदा त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे एवढी लढाईची बुकं आहेत. हे गाव कुठं आलं, दाखव बघू."

मी उठून कपाटापाशी गेलो आणि तसाच उभा राहिलो. फ्रान्सच्या किनाऱ्याचे नकाशे होते, रशियातल्या नद्यांचे होते, तुर्कस्तानातल्या एका खाडीचे तर तीन निरनिराळे होते. आपल्या ईशान्येच्या डोंगरांचा एकही नव्हता. अक्का वाट पाहत होत्या. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि समोरच्या घरातल्या मुलाचा शाळेचा भूगोल मागून आणला. त्यात बोटाएवढा एक तपकिरी पट्टा होता.

"एवढं सगळं तपकिरी?" अक्कांनी विचारलं.

"डोंगर आहेत, अक्का."

त्यांनी त्या पट्ट्यावर अंगठा ठेवला. पट्टा अंगठ्याखाली पुरता झाकला गेला.

लढाई थांबली, तरी मुलाचा पत्ता नव्हता. मग फौजेकडून तार आली. अक्कांनी ती माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, "बेपत्ता म्हणजे काय रे? गेला असं म्हणायला लाजतात, म्हणून असं लिहितात काय?"

मी म्हटलं, तसं नाही. दोन्ही महायुद्धांत हजारो माणसं आधी बेपत्ता ठरली आणि नंतर शत्रूच्या कैदेत जिवंत सापडली. पुष्कळशी घरी परत आली. पुस्तकांत आहे.

"कैदी म्हणू नको," अक्का एकदम म्हणाल्या. "माझ्या पोरानं काय चोरी केली?"

"मग काय म्हणू?"

त्यांनी थोडा विचार केला. "अडकलाय म्हण."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत आल्या. रात्रभर आठवून ठेवलेलं असावं तसं म्हणाल्या, "मागच्या लढाईत इटलीवाले धरून आणले होते नं इकडं? जालहळ्ळीच्या बाजूला. ट्रकमधून जायचे, आपण रस्त्यावर उभं राहून बघायचो."

मला आठवत होतं. मी तेव्हा शाळेत होतो. ट्रकमधला एकजण तोंडानं बाजा वाजवत होता आणि आम्हा पोरांकडे बघून डोळा मारत होता.

"ते गेले नं रे परत आपल्या घरी?"

"गेले की."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. "मग अशा अडकलेल्यांचं बुक असेल तुझ्याकडे. ते वाच मला."

माझ्याकडे तसं एकच होतं. सेनापतींच्या ग्रंथांच्या गठ्ठ्याबरोबर फुकट आलेलं, एका इंग्रज हवालदारानं लिहिलेलं, स्वस्त कागदाचं. जर्मनांच्या छावणीत त्यानं काही वर्षं काढली होती. मी ते कधी उघडलं नव्हतं. आता रोज कचेरीतून आलो की अक्का पोळ्या लाटणाऱ्या बायकोशेजारी बसायच्या आणि मी इंग्रजी पान बघत घरच्या मराठीत सांगत जायचो. आमची बेंगळूरची मराठी निम्मी कानडी. तीत लग्नकार्यांना आणि भाजीबाजाराला शब्द पुष्कळ आहेत, लढाईला नाहीत. 'काटेरी तारांचं कुंपण' म्हणालो तर अक्का म्हणाल्या, "शेताला घालतात तसलं?" मी म्हटलं, स्वल्प उंच. हवालदार तिथं बटाटे लावायचा. डब्यांच्या पत्र्याची शेगडी करून चहा उकळायचा. खोक्याच्या पुठ्ठ्याचे पत्ते करून खेळायचा. पत्ते ऐकून अक्कांना बरं वाटलं. "माझा पण खेळतो," त्या म्हणाल्या.

पुढं थंडीचं प्रकरण आलं. कैद्यांना बर्फातून पायी चालवत नेलं होतं. ज्याच्याशी हा पत्ते खेळायचा तो मित्र रस्त्याकडेला बसला आणि उठलाच नाही. माझी नजर पुढं धावली आणि मी पान उलटून वसंत ऋतूवर आलो.

"दोन पानं उलटलीस," अक्का म्हणाल्या.

"चिकटलीत, अक्का. जुनं पुस्तक आहे."

दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी शिवणाच्या डब्यातलं उसवणीचं बारीक पातं आणलं आणि माझ्या हातात दिलं. "घे. सोडव ती पानं."

पातं हातात घेऊन मी बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली, वाच म्हणून. मी वाचलं. बर्फ, रस्ता, मित्र, सगळं. अक्का भिंतीला डोकं टेकून ऐकत होत्या. संपल्यावर त्यांनी डोकं भिंतीवरून उचललं. मग म्हणाल्या, "एवढंच नं? मी मनात याच्याहून वाईट बघितलंय. तू वगळलंस की मला तेच दिसत राहतं. आता काही वगळत जाऊ नको."

पुस्तक संपलं आणि त्यांच्या सांगण्यावरून मी ते पहिल्यापासून परत सुरू केलं. दुसऱ्या खेपेला आम्ही बटाट्यांपर्यंत पोचलो असू, तेव्हा बातमी आली: मुलगा जिवंत आहे, अडकलेल्यांत आहे. तार आणणाऱ्या टपालवाल्यालाच अक्कांनी बसवून कॉफी दिली. त्या दिवशी शिवणयंत्र संध्याकाळपर्यंत एकसारखं चालू होतं. कुणाचं काम होतं कोण जाणे, बायको म्हणाली की फडक्याच्या तुकड्यावर नुसत्याच शिवणी मारत होत्या.

उन्हाळ्यात तो आला. सुटकेनंतर फौजेनं त्याला बरेच दिवस ठेवून घेऊन चौकशा केल्या होत्या. गल्लीतले लोक हार घेऊन गेले. परतताना त्यांतलेच दोघे माझ्या दाराशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "हात वर केले असणार. नाहीतर धरतील कसे?" मी त्यांना काय बोललो ते आठवत नाही, पण त्यांतला एकजण पुढं वर्षभर माझ्याशी बोलत नव्हता.

मला त्याला खूप विचारायचं होतं. इतकी वर्षं ज्याबद्दल वाचलं ते पाहिलेला माणूस भिंतीपलीकडे राहत होता. अक्कांनी ते ओळखलं असावं. दारात येऊन म्हणाल्या, "त्याला काही विचारू नको. सांगायचं ते तोच सांगेल."

महिनाभरानं तो एका रविवारी सकाळी आला. उंच, खांदे पडलेले, एका कानाचा काठ थंडीनं काळा झालेला. कपाटासमोर उभा राहून पाठींवरची नावं वाचत राहिला.

"अण्णा, हे सगळे मोठे साहेबलोक आहेत काय?"

मी म्हटलं, बहुतेक.

"आणि आईला वाचून दाखवलेलं?"

मी हवालदाराचं पुस्तक काढून दिलं. ते त्यानं उभ्यानंच चाळलं. "हे नेऊ?" म्हणाला. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं. आठवड्याला चार पानं वाचून तो शब्द विचारायला यायचा. त्याला नेमकं काय हवं होतं ते मी विचारलं नाही. त्यानंतर रद्दीवाल्याला मी सांगून ठेवलं की सेनापती पुरे झाले, आता साध्या शिपायांची बघा, नर्सबाईंची, आचाऱ्याची, कुणाचीही. तो हसला. "वैसे लोगां लिखते कां, साब?" तरी तो बघायचा, आणि अधूनमधून एखादं निघायचं.

फौज सोडून मुलगा शिवाजीनगरात मोटारींच्या एका वर्कशॉपात लागला. एक दिवस कामावरून येऊन माझ्याकडे बसला आणि म्हणाला, "अण्णा, माझ्याबरोबर देवनहळ्ळीला येता? माझ्या शेजारच्या खंदकात तिथला एकजण होता. त्याच्या आईबापांकडे जायचंय. तिथवर गेलो होतो एकदा. स्टँडवरूनच परत आलो."

आम्ही बसनं गेलो. किल्ल्याच्या मागं, बागेच्या कडेला घर होतं. म्हाताऱ्यानं अंगणात घोंगडी टाकली. अक्कांचा मुलगा कानडीत आपण कोण ते सांगू लागला, तशी आतून म्हातारी आली आणि खांबाला धरून उभी राहिली. म्हाताऱ्यानं एकच विचारलं, "त्याच्याजवळ कुणी होतं का?"

"मी होतो," मुलगा म्हणाला. "त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं."

मग तो बोलत राहिला. पहाट कशी होती, आवाज कुठून आले, काडतुसं कधी संपली, पायात कापडी बूट होते, मित्र काय म्हणाला, काय म्हणू शकला नाही. माझ्या कपाटातल्या एकाही पुस्तकात मी असं वाचलं नव्हतं. मी मान खाली घालून बसलो होतो. मध्येच म्हातारी येऊन त्याच्याजवळ बसली आणि त्याचा तो काळा पडलेला कान बोटांनी चाचपू लागली. त्यानं बोलणं थांबवलं नाही आणि कानही बाजूला घेतला नाही.

निघताना म्हाताऱ्यानं बागेतले चकोते, म्हणजे पपनसं, तोडून पोत्यात भरले, मोठाले, लहान मुलाच्या डोक्याएवढे. नको म्हणायची सोय नव्हती. बसमध्ये पोतं पायांत धरून मुलगा झोपला, आणि शहर येईपर्यंत एकदाही जागा झाला नाही. दारात अक्का उभ्याच होत्या. त्यांनी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पोत्यातून एक फळ काढलं आणि पायरीवरच बसून सोलायला घेतलं. बायको मीठ-तिखट घेऊन आली. आम्ही चौघांनी तिथंच ते खाल्लं. गोड होतं, आणि स्वल्प कडू.