ओढ्यावरचा कंडक्टर

"चला, पुढं सरका, पुढं सरका. मधी उभं राहू नका."

हे वाक्य तुम्ही एसटीत इतक्यांदा ऐकलं असेल की आता ते कानात शिरतसुद्धा नसेल. मी मात्र ते पहिल्यांदा नीट ऐकलं ते आमच्या विंझरच्या वरच्या अंगाला, ओढ्याच्या वळणावर. तिथं करवंदीच्या जाळीखेरीज कुणी नव्हतं. खाकी शर्ट घातलेला एक म्हातारा माणूस तिकिटाला भोक पाडायचा चिमटा टिकटिक वाजवत त्या जाळीला पुढं सरकायला सांगत होता. जाळी काही सरकली नाही. म्हातारा थोडा थांबला, जाळीकडं निरखून पाहिलं, "हां, झाली जागा," म्हणाला आणि गळाची काठी खांद्यावर टाकून चालू लागला.

निवृत्तीनंतर माणसाचं डोकं फिरतं, असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं. पुढं याच माणसाच्या मागं मागं मी किती वर्षं त्या ओढ्यानं फिरणार होतो, हे मला कुठं ठाऊक होतं!

गावात त्यांना सगळे कंडक्टरच म्हणत. मी तात्या म्हणायचो, कारण आमच्या घराला त्यांचं घर लागून होतं. सगळी नोकरी भोर-वेल्हे गाडीवर गेली. कामथडीला कोण चढणार, नसरापूरला कोण उतरणार, कुणाच्या पिशवीत कोंबडी आहे, सगळं त्यांना पाठ. पुढं तिकिटाचं यंत्र आलं आणि चिमटा बिनकामाचा झाला. तो जमा करायचा राहून गेला की तात्यांनी तो राहू दिला, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं. त्यांच्या हाताला तो बोटासारखाच होता.

नोकरीत माणसाचे दोन दिवस सुट्टीचे आले की तो देवाला जातो, सासरवाडीला जातो. तात्या मासे धरायला जायचे. आणि आमच्या डोंगराच्या कडेला मासे धरायचे म्हणजे वाघराच्या शेजारी बसायचं. बिबट्या हा शब्द पेपरातला. आमच्याकडं सगळे वाघरूच म्हणतात, आणि ते प्रत्येकाच्या चुलत्यानं तरी पाहिलेलं असतं.

"वाघरू वाईट न्हाई," तात्या म्हणायचे. "त्याला फक्त आगाऊ कळवायचं. न सांगता कुणाच्याबी दारात गेलास, तर त्यो दचकणारच की! आणि त्याची जेवायची येळ असली तर मग झालंच."

म्हणून तो चिमटा. प्रत्येक वळणाआधी टिकटिक, मग "पुढं सरका", मग थोडा वेळ थांबायचं. समोरच्याला उठून जायला सवड द्यायची. मगच वळण घ्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा सावध माणूस, त्याला सोबतीची काय गरज? गरज होती. इंजिनाच्या घरघरीत आयुष्य काढून तात्यांचे दोन्ही कान गेले होते. समोर उभं राहून मोठ्यानं बोललं तर कळायचं. मागून हाक मारली तर दगडाला मारल्यासारखी. वाघराला तात्या ऐकू येत होते, तात्यांना वाघरू येत नव्हतं.

एक दिवस काकी, म्हणजे तात्यांच्या मंडळी, माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानात आल्या. पदर खोचलेला. त्या तसा पदर खोचून आल्या की मी आधीच बाकावरून उठतो.

"तू जाशील का रं त्यांच्या संगं? एकट्याला म्या सोडायची न्हाई. तू न्हाई म्हणलास तर आत्ताच्या आत्ता ती काठी चुलीत घालते."

त्यांच्या मागं, रस्त्यापलीकडं, तात्या काठी धरून उभे होते. ऐकू काही येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघत होते. परीक्षेचा निकाल बघायला आलेल्या पोरासारखा चेहरा. त्या चेहऱ्याला नाही म्हणणारा माणूस आमच्या तालुक्यात तरी जन्मला नसेल. ओढ्यावर जाणं बंद झालं असतं तर तात्या घरात बसून वाळून गेले असते, हे काकींनाही माहीत होतं आणि मलाही.

झालं, रविवारी दुपारी दुकान बंद करून मी तात्यांबरोबर निघू लागलो.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितले. ते पुढं चालणार, मी मागं. कारण बेल मागून द्यायची असते. त्यांच्या पाठीवर एक टोला दिला की थांबा, दोन दिले की चला. "डबल बेल मिळाल्याबिगर गाडी हलणार न्हाई," असं त्यांनी मला बजावलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

डोहावर पोचलं की पाठीला पाठ लावून बसायचं. एकानं पाण्याकडं बघायचं, दुसऱ्यानं रानाकडं. पाळी बदलत राहायची. माझी पाण्याची पाळी आली की मासे जेवायला घरी गेलेले असत आणि रानाची पाळी आली की तात्यांच्या गळाला चिलापी लागत. यात काहीतरी लबाडी होती, पण ती मला अजून सापडलेली नाही.

वळणावर ओढ्याकाठी एक मोठा सपाट कातळ आहे. बसायला झकास, वर जांभळीची सावली. मी तिथं टेकणार तेवढ्यात तात्यांनी मला दंडाला धरून उठवलं.

"ती आमदारांची सीट."

एसटीत आमदारांसाठी राखीव जागा असते, तुम्हाला ठाऊक आहेच. आमदार कधी येत नाहीत, तरी पाटी असते. मी तसं म्हणालो, तर तात्यांनी कातळावरची वाळलेली विष्ठा दाखवली. केसाळ, पांढरट.

"आमचे आमदार येत्यात. मग उठावं लागण्यापरीस आधीच कशाला बसा?"

मासळी त्यांनी ओढ्यावर कधी साफ केली नाही. आतडी-खवले डब्यात घालून घरी आणायचे आणि लिंबाच्या झाडाखाली खोल पुरायचे. काठावर घाण टाकली की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागं वाघरू येतं, हे त्यांचं साधं गणित. एकदा पुण्याकडची काही मंडळी ओढ्यावर मटण खाऊन पत्रावळ्या, हाडं तिथंच टाकून गाडीत बसत होती. तात्या खाकी शर्टात गाडीपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "चेकिंग हाय. पत्रावळ्या दाखवा." मंडळी इतकी गोंधळली की मुकाट्यानं उतरून सगळं गोळा करायला लागली. तात्यांनी एकेक कागदी पत्रावळ हातात घेऊन चिमट्यानं भोक पाडलं आणि पिशवीत टाकायला दिली. शेवटच्या माणसानं तर त्यांना थँक्यू सर म्हटलं. परतीच्या वाटेवर तात्यांची छाती शर्टात मावत नव्हती.

असा हा नियमाचा माणूस. आणि तरी एकदा त्यांचे सगळे नियम एका दमात सुटले.

समोरच्या डोंगराच्या कंबरेपर्यंत सावली चढली की ती आमची शेवटची गाडी. गळ गुंडाळायचा आणि निघायचं, मग मासा मिळो न मिळो. त्या रविवारी सावली कंबरेला आली आणि त्याच क्षणी तात्यांच्या गळाला मरळ लागली. मांडीएवढी. असली मरळ तात्यांनी उभ्या जन्मात धरली नव्हती, आणि मी तर बघितलीही नव्हती. तिला काठावर आणेपर्यंत सावली डोंगराच्या खांद्यावर पोचली. तात्या गुडघाभर पाण्यात उभे राहून लहान मुलासारखे हसत होते. डब्यात ती मावेना, म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि निघाले. "हिला आज तुझी काकी बघंल!" एवढंच चाललं होतं.

दोन्ही हात मरळीत गुंतलेले. चिमटा खिशात. वळण आलं, आणि टिकटिक झाली नाही. "पुढं सरका" झालं नाही.

मी डबे, काठ्या सांभाळत जरा मागं पडलो होतो. मान वर केली तर आमदार सीटवर होते.

कातळावर वाघरू बसलं होतं. पुढचे पाय पसरून, मान आमच्याकडं वळवून. तात्यांची नजर मरळीवर, पाय सरळ कातळाकडं चाललेले. मी हाक मारली नाही, मारूनही उपयोग नव्हता. हातातलं सगळं तिथंच सोडलं आणि पुढं झालो. पळायचं नाही हे मला पाठ होतं, म्हणून मी पळत नव्हतो, पण ते चालणंही नव्हतं. हात लांबवून त्यांच्या पाठीवर एक टोला दिला.

एकच.

तात्या जागच्या जागी थांबले. ब्रेक लागल्यावर गाडी थोडी तरी पुढं जाते, ते तेवढेही गेले नाहीत. का, कशाला, काही विचारलं नाही. सावकाश मान वर केली आणि त्यांना दिसलं.

आम्ही ताठ उभे राहिलो. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावला. बसायचं नाही, वाकायचं नाही, पाठ फिरवायची नाही, हेच तर आम्ही घोकत आलो होतो. तात्यांनी एक पाऊल मागं घेतलं, मीही घेतलं. मग रोजच्याच आवाजात, जरासा कापरा असेल, ते म्हणाले,

"चला... पुढं सरका. जागा हाय पुढं."

वाघरू उठलं. आळस दिला. आमच्याकडं एकदा पाहून जांभळीमागं उतरलं आणि वर डोंगराकडं निघून गेलं. पान हलल्याचा आवाजही मला आला नाही, मग तात्यांना कुठून येणार.

बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो. मला वाटलं तात्या घाबरून खिळलेत. तर ते पुटपुटले, "दोन दे की रं."

मी त्यांच्या पाठीवर दोन टोले दिले. मगच ते हलले. आधी पाण्यापाशी गेले आणि ती मरळ पाण्यात सोडून दिली. मी ओरडलो, अहो तात्या! त्यांनी ओठांवरून ओळखलं. "हात मोकळं पायजेत गड्या," म्हणाले, आणि खिशातला चिमटा काढून घरापर्यंत टिकटिक करत आले.

मी वाटेत त्यांना बजावून बजावून सांगितलं, की काकींना यातलं काही कळता कामा नये, नाहीतर काठी चुलीत जाईल. त्यांनी मान हलवली. घरात पाऊल टाकलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. "चूक माझी. न कळवता वळण घेतलं म्या." मी कपाळाला हात लावला.

काकी ऐकत राहिल्या. मग एवढंच विचारलं, "बेल कुणी दिली?"

"ह्यानं."

काकींनी मला पाटावर बसवलं आणि जेवायला वाढलं. भाकरीवर तूप इतकं घातलं की ते ताटात वाहिलं. मला तेव्हा भडभडून आलं, ते मी तुपाच्या नावावर खपवलं.

काकींनी बंदी घातली नाही. तात्यांनी स्वतःच काठी आढ्याला टांगली. मला म्हणाले, "माझ्यापायी तुला वाघराकडं धावावं लागलं. आता बास." मग काही दिवसांनी काकी पुन्हा दुकानात. पदर पुन्हा खोचलेला.

"घेऊन जा बाबा त्यास्नी! दिसभर घरात बसत्यात आणि मलाच पुढं सरका, पुढं सरका करत्यात. चूल कुठं सरकवू म्या?"

सोबत त्यांनी तात्यांची जुनी कंडक्टरची चामडी पिशवी दिली. मासा यात घालायचा, गळ्यात अडकवायची, हात मोकळे. त्या दिवसापासून तात्यांनी एकही वळण बिनआवाजाचं घेतलं नाही.

यंदा होळीच्या आधी तात्या गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. वाघरानं नाही, पाण्यानं नाही, घरच्या घोंगडीवर. काकी सगळ्यांना तेच सांगत होत्या, घरात गेले, घरात गेले. इतकी वर्षं त्या दर रविवारी कशाला भीत होत्या, हे तेव्हा कळलं.

तेरावा झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुमची ती जागा मला दाव." इतक्या वर्षांत त्या ओढ्यावर कधी आल्या नव्हत्या.

आम्ही ऊन असतानाच निघालो. त्या पुढं, मी मागं डबा घेऊन. वळणाआधी मी तोंड उघडणार तोच काकींनी कमरेला खोचलेला तात्यांचा चिमटा काढला. टिक, टिक. आवाज नीट निघत नव्हता, बोटांना सवय नव्हती. मग जाळीकडं बघून हळू आवाजात म्हणाल्या, "पुढं सरका... सरका पुढं." आणि थांबल्या.

जाळी शांत होती. पलीकडं कातळ रिकामा होता, वर जांभळीची सावली. काकी तरीही हलेनात. मला वाटलं दम लागला असेल, किंवा रडू आलं असेल.

"काकी, चला. काही न्हाई तिथं."

त्यांनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही.

"अशी कशी चलू? बेल कुठं दिलीस तू?"

त्या वळणावर माझ्यासमोर नेहमी एक खाकी पाठ असायची, हात आपोआप तिथं जायचा. आता पुढं काकींचं पांढरं लुगडं होतं आणि माझा हात अधांतरी. मग डबा वर उचलला आणि त्यावर दोन टोले दिले.

काकी पुढं सरकल्या.