तळाशी सात

माझे सासरे कुणाच्याही घरी गेले की आधी डबा उलटा करून बघायचे. पाणी नको, चहा नको. ओट्यावरचा प्लास्टिकचा डबा उचलायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि तळ निरखायचा. आत काय आहे याचं भान नसायचं. एकदा शेजारणीचे अर्धा किलो तांदूळ असे जमिनीवर सांडले. गल्लीत त्यांचं नावच पडलं 'उलटे काका', आणि खाली मान घालायची वेळ माझ्यावर यायची.

घरात सगळं काचेत. डाळी, साखर, मीठ, कालची उरलेली भाजीसुद्धा काचेच्या बरणीत. लग्न होऊन आले त्या वर्षी माझ्या हातून चार फुटल्या. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या, नाहीतर ऐकवलं असतं. सासरे, म्हणजे बाबा, मात्र स्वतः काचा वेचायचे आणि संध्याकाळी नवी बरणी आणायचे. बरण्या उचलून माझ्या मनगटांची वाट लागली. शेवटी वैतागून मी लेकीच्या शाळेसाठी बहिणीकडचा एक निळा डबा आणला. बाबांनी तो उलटा केला आणि पुन्हा खाली ठेवलाच नाही.

तळाशी नखाएवढा आकडा होता. सात.

"हा मी काढलाय," ते म्हणाले.

त्यांनी अठ्ठावीस वर्षं डब्यांच्या कारखान्यात मशीन चालवलं, एवढंच मला माहीत होतं. सात नंबरचा साचा त्यांचा. एका वर्षी दाणा, म्हणजे वितळवायचं कच्चं प्लास्टिक, महाग झाला. मालकाने फवारणीच्या विषाचे रिकामे ड्रम दळून त्यात मिसळायला लावले. मळकट दिसू नये म्हणून वरून निळा रंग. कामगार कुरकुरले तेव्हा तो म्हणाला, "एकेक घरी न्या, मग तर पटेल?"

"पहिला मी उचलला," बाबा म्हणाले. "नोकरी जाईल म्हणून. माझं बघून बाकीचे गप्प बसले. घरी येऊन तुझ्या सासूला म्हटलं, तुझ्यासाठी आणलाय. मी कधी काही आणायचो नाही, तिला केवढा आनंद झाला. तापलेल्या सुईने झाकणावर फूल काढलं तिने. नऊ वर्षं त्यात साखर ठेवली."

"सासूबाई ज्या आजाराने गेल्या तो त्यानेच झाला, असं डॉक्टर म्हणाले?"

"मी विचारलंच नाही. हिंमत नव्हती. आता ते कधीच कळणार नाही."

"आणि तो डबा?"

"ती गेली त्या धावपळीत कुठे गेला कुणास ठाऊक. तोच शोधतोय."

मला त्यांचा संताप आला, मग भीती वाटली. दया सगळ्यात शेवटी आली.

त्यांच्या कपाटात सात नंबरचे चौतीस डबे होते. दारोदार फिरून, नवी बरणी देऊन, बदल्यात आणलेले. लोकांना वाटायचं, म्हातारा खुळावलाय, पण फुकटची बरणी कोण सोडणार. प्रत्येक डब्याच्या तळाला त्यांनी भोक पाडलं होतं. मी म्हटलं, फेकून का देत नाही? तर म्हणाले, "फेकला तरी भंगारात जातो, पुन्हा दळतात, पुन्हा डबा होतो. तो मरत नाही."

"किती काढले होते असे?"

"दिवसाला आठशे. सहा महिने."

त्या दिवसापासून माझ्याही हाताला ती खोड लागली. कुणाच्या घरी निळं काही दिसलं की मी ते उलटं करून बघते.

मग बाबा आजारी पडून दवाखान्यात दाखल झाले. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता. दुपारी नणंद मऊ भात घेऊन गावाहून आली. दारातच मला हळूच म्हणाली, "वहिनी, आईचा डबा आहे हा. आई गेली तेव्हा मी नेला, इतकी वर्षं कपाटात जपून ठेवला होता. आज बाबांसाठी काढला."

झाकणावर फूल होतं. मी त्यावर तळहात ठेवला.

भात वाटीत काढायचंही मला सुचलं नाही. बाबांना निळा रंग तेवढा दिसला. त्यांनी हात उचलला, पण डबा काही उलटा होईना. ते माझ्याकडे बघत राहिले. सापडला म्हणावं, की चार घास पोटात जाऊ द्यावेत? मी डबा डोक्यावर उंच धरून खालून पाहिलं. सात.

"नाही बाबा," मी म्हटलं. "हा आपला नाही."

त्यांनी तोंड उघडलं. पहिला घास गिळून ते म्हणाले, "मी गेल्यावर तू शोधशील ना?"

मी हो म्हटलं आणि दुसरा घास भरवला.