पाचव्या कलमातलं माझं वाक्य

संगणक आणि मोजमापाची यंत्रं यांनी एकमेकांशी कसं बोलावं, याचे नियम एक आंतरराष्ट्रीय संस्था ठरवत होती. मसुदा चंदीगडला आमच्या कचेरीत आला, तेव्हा पंजाब धुमसत होता आणि संचारबंदी कधी लागेल याचा नेम नव्हता. मसुदा वाचून माझं डोकंच फिरलं. वीज जाते, हे लिहिणाऱ्यांच्या गावीही नव्हतं. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर सुरू झाले की दिवे मिचमिचायचे, आणि तेवढ्यात अर्धाच पोचलेला आकडा संगणक पूर्ण समजून बसायचा. एकशे वीसचे बारा व्हायचे.

मी सांगलीची, गप्प बसणं रक्तातच नाही. 'सविनय सादर'पासून सुरुवात करून चार पानी पत्र ठोकलं. ते दिल्लीच्या समितीकडून शेरा मारून परत आलं. संस्थेला तक्रार नको, कलमात घालायचं वाक्य हवं. मुदतीत ते पोचलं नाही, तर भारताचा होकार धरला जाईल. मुदतीला एकच दिवस उरला होता. मी धुसफुसत होते. आमचे सरदारजी साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, रोणा तां सारे रो लैंदे ने. तुसीं दस्सो, लिखणा की है?" रडगाणं सगळेच गातात, नेमकं लिहायचं काय ते सांगा, म्हणे.

चार पानांचं एक वाक्य करायला अख्खी सकाळ गेली: वीज खंडित झाल्यास अर्धवट आलेली माहिती टाकून द्यावी आणि पुन्हा मागवावी. ते इंग्रजीत टाइप होतंय तोच दुपारपासून संचारबंदी जाहीर झाली. तारघर गाठायला साहेबांनी स्कूटर काढली, मी मागे बसले. नाक्यावर जवानानं त्यांची पगडी पाहून त्यांना उतरवलं, नखशिखांत तपासलं; मला हातही लावला नाही. मी संतापून तोंड उघडणार, तर साहेबांनी डोळ्यांनीच दटावलं. तारघराचं शटर निम्मं खाली आलं होतं. आम्ही वाकून आत शिरलो आणि टेलेक्स गेला.

वर्षभरानं छापील पुस्तिका आली. पाचव्या कलमात माझं वाक्य जसंच्या तसं होतं, फक्त एक स्वल्पविराम काढलेला. मी आनंदानं ओरडलेच. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून मला ते उभ्यानं वाचायला लावलं, आणि वर लाडू मागवले.

घरी लेकीनं पुस्तिका उलटसुलट केली. "आई, इसमें आपका नाम किधर है?"

असल्या पुस्तिकेत कुणाचंच नाव नसतं, मी सांगितलं. तिचा चेहरा पडला.

"नाव नसू दे," मी म्हटलं. "जगात कुठंही वीज जाऊ दे, यंत्राला आता माझं ऐकावं लागेल."