नानाकाका पडले तो किस्सा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझं न सांगितलेलंही ओळखते. तुम्हाला घरचं समजून सांगतो.

आमच्या घरात किस्से सांगायचं खातं माझ्याकडे. त्यातला सगळ्यात चालणारा म्हणजे नानाकाका निवडणुकीत पडले तो. काका समुद्रपूरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले, गावी आले आणि ग्रामपंचायतीला उभे राहिले. राजकारणाला थोडा विचार शिवला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. बरं, उभे राहिले तर राहिले — मतदानाच्या आदल्या दिवशी पारावर जाहीर काय केलं? माझं मत मी समोरच्या उमेदवाराला देणार!

"काऊन पण, काका?" मी कपाळ धरलं.

"अबे बापू, सोताच सोताले मत देनं म्हंजे आपल्याच लग्नात आपनच आहेर नेनं होय."

समोरच्यानं हात जोडले, "द्या सर, बिलकुल द्या!" आणि स्वतःचं मत मुकाट स्वतःलाच देऊन आला.

काका एका मतानं पडले. स्वतःच्याच मतानं! हे मी लग्नाबारशांत साभिनय सांगतो. लोक डोळे पुसत हसतात, काकाही हसतात. पण पुन्हा ते उभे राहिले नाहीत. कुणी सल्ला मागितला तर म्हणतात, "मले नोको इचारू गड्या, माह्या तत्त्वानं मीच पडलो." त्यांना ते खरंच वाटतं — आणि तसं वाटू कुणी दिलं?

मी त्यांचा प्रचारप्रमुख होतो. घरोघर हिंडलो, घसा बसवून घेतला. आणि तरी... समोरच्याची वर ओळख होती. आमच्या शेताकडे जाणारी पांदणवाट तो पक्की करून देणार. काका आधी अख्ख्या गावाचं एकमत करत बसणार. याला मी व्यवहार म्हणत होतो. मतदान यंत्रापुढे उभा राहिलो, काकांच्या छत्री या चिन्हापर्यंत बोट नेलं — आणि खालचं, समोरच्याचं बटण दाबलं.

ते एक मत काकांना पडतं, तर त्यांचं तत्त्वही राहिलं असतं आणि ते निवडूनही आले असते. दोन्ही जमलं असतं हो!

पांदण झाली.

मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नात पाहुण्यांनी पुन्हा फर्माईश केली. काका शेजारच्याच पानावर. मी सांगितला. हसं पिकलं. काका पाहुण्यांकडे वळून कौतुकानं म्हणाले, "आमचा बापू सांगते मस्त!"

मी खाली बघून वरणभात कालवत राहिलो.