घरी इंग्रजीच बोला

शनिवारी दुपारी शाळा सुटली की मला घरी जाऊन आडवं पडायचं असतं, बाकी काही नको असतं. त्या शनिवारी आम्हा शिक्षिकांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, न्यू टाउनला, प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, ज्या वर्गात मुलांच्या घरच्या भाषा वेगवेगळ्या असतात तिथे कसं शिकवावं. मी मनात म्हटलं, बाई गं, हे मला विचारा. नवऱ्याच्या बँकेतल्या बदल्यांमागे फिरत फिरत हे माझं तिसरं शहर. माझी मराठी स्वयंपाकघरात आणि आईच्या फोनवर उरलीय. वर्गात इंग्रजी, बसमध्ये हिंदी, भाजीवाल्याशी मोडकीतोडकी बंगाली. रात्री जीभसुद्धा दमते.

खरं सांगायचं तर माझं लक्ष त्या प्रशिक्षणात नव्हतंच. बेहालातल्या आमच्या शाळेत माझ्याकडे पहिलीचा वर्ग. त्यात एक मुलगी होती, वर्ष होत आलं तरी तिने तोंड उघडलं नव्हतं. हाक मारली की बघायची, फळ्याजवळचा डस्टर आण म्हटलं की आणायची, पण शब्द म्हणून नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या होत्या की मंगळवारी तिच्या आईवडिलांना बोलावते, नाव काढून वेगळ्या शाळेत घालायला सांगते. "ही मुलगी मंद आहे," असं सरळ म्हणाल्या. मला ते पटत नव्हतं. पण नाही म्हणायला माझ्या हातात तरी काय होतं?

प्रशिक्षण देणारी बाई तरुण, हसतमुख, पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवत होती. एसी इतका गार की आम्ही सगळ्या पदर लपेटून बसलेलो. शेवटी तिने गृहपाठ दिला. आम्हाला! वर्गातल्या एका मुलाच्या घरी जायचं, काही शिकवायचं नाही, फक्त घरात कोण कसं बोलतं ते ऐकून यायचं. शेजारची बंगाली सहकारी कपाळाला हात लावून म्हणाली, "रोबिबारटाओ गॅलो!" गेलाच की रविवार. एस्प्लनेडला बस बदलून घरी पोचेपर्यंत मी त्या तरुण बाईला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं होतं.

रविवारी सकाळी गेले त्या मुलीच्याच घरी. लेथ मशीनच्या एका छोट्या कारखान्यामागे त्यांची खोली. वडील तिथेच कामाला, मंडळी बिहारमधली, भोजपुरी बोलणारी. आईने खुर्ची पुसली, चहा टाकला, बिस्किटं काढली. टीव्हीवर इंग्रजी कार्टून मोठ्याने चाललेलं. मी ऐकायला आले होते, म्हणून कान देऊन बसले, आणि टीव्ही सोडला तर ऐकायला काहीच नव्हतं. आईने मुलीला हाताने खुणावलं. "सिट," म्हणाली. मग बिस्किट पुढे केलं. "ईट." मुलगी बसली, खाल्लं. वडिलांनी डोक्यावर हात फिरवला, तेही गप्प. एखाद्या घरी मयत झाल्यावर असते ना, तशी शांतता.

शेवटी मला राहवेना. मी हिंदीत विचारलं, "तुम्ही घरात एकमेकांशी बोलत नाही का?"

आई घाबरली. "मिस, मीटिंग में बोला था ना, घर में सिर्फ इंग्लिश बोलना है। हमको जितना आता है, उतना बोलते हैं। बाकी चुप रहते हैं। बच्ची का आदत खराब हो जाएगा।"

अगं आई गं! घरी इंग्रजीच बोला, हे वाक्य मोठ्या बाई प्रत्येक पालकसभेत म्हणतात. सगळे पालक माना डोलावतात आणि फाटकाबाहेर पडल्या पडल्या बंगालीत पोरांना झापायला लागतात. कोणी मनावर घेत नाही. मनावर घेतलं ते या एका बाईने. वर्षभर स्वतःच्या लेकीशी बोलली नाही, तर तिचं भलं व्हावं म्हणून! मला राग आला, कोणाचा ते त्या वेळी कळेना, आणि रडू यायला लागलं तेही आवरेना.

"बोला," मी म्हटलं. "तुमच्या भाषेत बोला तिच्याशी. आत्ता."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. मग दाराकडे, कोणी शाळेतलं उभं तर नाही ना म्हणून. "परीक्षा है क्या, मिस?"

"नाही हो. मी सांगते ना, बोला."

तिची नजर उंबऱ्यावर गेली आणि एकदम फुटली, "चप्पल फेर दुआरी पर छोड़ देलू?" चपला पुन्हा दारातच टाकल्यास! आणि तिथून जी गाडी सुटली ती थांबेना. केस, डबा, सांडलेलं पाणी, वर्षभराचं बोलणं तुंबलेलं. निम्मं मला कळलंच नाही. मुलगी डोळे विस्फारून आईकडे बघत राहिली. आणि मग कमरेवर हात ठेवून, खणखणीत आवाजात, "हम नइखीं छोड़ले! बाबूजी छोड़ले बाड़न!" मी नाही, बाबांनी टाकल्यात!

वडील हसायला लागले. चपला खरोखर त्यांच्याच होत्या. आईने तोंडावर पदर घेतला, ती हसतेय की रडतेय तेच कळेना. मला मात्र माझं कळत होतं. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले.

मंगळवारी ती दोघं मुलीला घेऊन ऑफिसात आली. मी मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. "मुलगी बोलते. भांडतेसुद्धा."

"इंग्लिशमध्ये?" त्यांनी विचारलं.

काय बोलणार, कपाळ! मी म्हटलं, "आधी आईशी बोलू दे, मग इंग्लिशमध्येही बोलेल. नाव काढू नका." पुष्कळ वाद घातला, घसा दुखेपर्यंत. अखेर त्या म्हणाल्या, "बरं, वार्षिक परीक्षेपर्यंत बघू." नाव राहिलं. पण पुढच्या पालकसभेत ते वाक्य म्हणू नका असं सुचवलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्स उचलून बाहेर आले. पालथ्या घड्यावर पाणी. रोज रोज कुठवर ओतायचं?

फाटकाशी ती आई माझ्यासाठी थांबली होती. मुलगी तिचा पदर ओढून ओढून काहीतरी सांगत होती, थांबतच नव्हती. आईने हळूच विचारलं, "मिस, परीक्षा तक बोल सकते हैं ना? उसके बाद फिर बंद?"

"नाही हो, बाई," मी म्हटलं. "कायम. कायम बोला."

तिने मान डोलावली. शाळेतलं कोणी काही म्हणालं की डोलवायची, तशीच. मग घाईघाईने लेकीकडे वळली आणि चालता चालता बोलत सुटली, परीक्षेच्या आत सगळं बोलून घ्यायचं असल्यासारखी.