कागदाच्या मागच्या बाजूला

आई मोरीत घसरून पडली तेव्हा मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. मोठा आवाज झाला म्हणून मी बसल्या जागेवरूनच विचारलं, "काय पडलं गं?" आणि आई तितक्याच शांतपणे म्हणाली, "मी."

एवढं ऐकूनही मी हातातला पेपर पुरा केला आणि मग उठले. तिला लागलंय हे तिच्या आवाजावरून कळायला हवं होतं. आईचा आवाज बदलतच नसे, हे माझं तेव्हाचं समर्थन. आजही मला ते पटत नाही.

डोक्याला मागे टेंगूळ आलं. संध्याकाळपर्यंत दोनदा उलटी झाली. गावातल्या डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि कोल्हापूरला जाऊन डोक्याचा फोटो काढून घ्या म्हणाले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. स्कॅन हा शब्द आमच्या गल्लीत अजून आला नव्हता, सगळा फोटोच होता.

आमचं घर हुपरीत. पुढची खोली कामाची. वडील चांदीची तार ओढून पैंजणांच्या साखळ्या जोडत आणि आई चिमट्यानं त्यांना घुंगरं लावत असे. बारीक कडी, बारीक घुंगरू, आणि खाली सांडलेलं एक घुंगरूही हुडकल्याशिवाय उठायचं नाही हा घरचा नियम. मी बी.एड. होऊन गावातल्याच शाळेत लागले होते. तेविशी उलटली होती, लग्न व्हायचं होतं, आणि तोंड फटकळ होतं. या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं नातेवाईक मानत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आम्ही तिघं कोल्हापूरला गेलो. राजारामपुरीतल्या एका गल्लीत फोटो काढला, दोन गल्ल्या सोडून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवला. आईला बाहेरच्या बाकावर बसवून डॉक्टरांनी वडिलांना आणि मला आत बोलावलं. भिंतीवरची दिव्याची काच उजळली, त्यावर आईच्या डोक्याचे काळे-पांढरे काप दिसले. मला एकदम लाज वाटली. आई कधी डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही, आणि इथं तिचं डोकं आतूनच सगळ्यांना दिसत होतं.

डॉक्टर म्हणाले, पडल्याचं काही नाही, मुका मार आहे, चार दिवसांत बरा होईल. वडिलांनी हात जोडलेसुद्धा. मग डॉक्टरांनी पेनाचं टोक एका पांढऱ्या ठिपक्यावर ठेवलं. मेंदूच्या आवरणाला एक गाठ होती, हरभऱ्याएवढी. तिचा पडण्याशी संबंध नव्हता, ती आधीपासूनच होती. डाव्या बाजूला, उजवा हात जिथून चालतो त्याच्या शेजारी. अशा गाठी बहुतेक साध्या असतात, ते म्हणाले. काढायची की थांबून बघायचं, दोन्हीला जागा आहे. काढताना हाताला धोका, थांबलो तर ती वाढण्याचा. "घाई नाही. पुढच्या शुक्रवारी या. प्रश्न लिहून आणा, इथं आल्यावर सगळे विसरतात."

त्यांच्या सगळ्या बोलण्यातला 'बहुतेक' हा एकच शब्द मी घरी घेऊन आले.

बाहेर येताना दारातच वडिलांनी माझा दंड धरला. तिला काही बोलायचं नाही, असं ते म्हणाले. मला ते चुकीचं वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. आमच्याकडे हीच रीत होती. आजारी माणूस बाहेर, घरचे आत. चुलत आजोबांना त्यांचं दुखणं शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही आणि त्यात सगळ्यांना आपण फार माया केली असं वाटत होतं. आई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आम्ही मुका मार म्हणालो. ती म्हणाली, "मी म्हनतच हुते."

पुढचे आठ दिवस मला आजही आठवायला नको वाटतात.

मुरगूडहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ, गावच्या दूध संस्थेचा संचालक. आई गिरणीत दळण घेऊन गेली की आम्ही तिघं पुढच्या खोलीत दार लोटून बसायचो. मी शाळेच्या वहीतला एक मोठा जोडकागद फाडून घेतला होता. मामाला कुठलीही गोष्ट सभेतल्या विषयासारखी मांडल्याशिवाय सुचत नसे. प्रश्न क्रमांक एक, असं तो म्हणायचा आणि मी लिहावं म्हणून थांबायचा. गाठ नेमकी कधीपासून आहे. ऑपरेशन कोल्हापुरात होतं की पुण्याला न्यावं लागेल. वडिलांचे प्रश्न वेगळे. ती कामाला बसली तर चालेल का. भट्टीची धग लागली तर गाठ वाढते का. वाकून काम करते त्यानं झाली असेल का. हे शेवटचं विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते. तीस वर्षं तिला समोर बसवून वाकायला त्यांनीच लावलं होतं.

माझा प्रश्न एकच होता आणि तो मला लिहवत नव्हता. 'जिवाला' एवढं लिहून मी खोडलं. मग 'कॅन्सर' लिहिलं आणि तेही खोडलं. शेवटी 'साधी गाठ नसली तर?' असं लिहिलं. मुलांच्या निबंधात असलं गुळमुळीत वाक्य आलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

आई परत आली की आम्ही पांगायचो. मामा उगाच एखादी साखळी हातात घेऊन वजन बघितल्यासारखं करायचा. मी तर आईवरून नजरच काढत नव्हते. आमटीत मीठ कमी पडलं, मी ते मनात टिपून ठेवलं. तिनं माझ्या नावानं हाक मारायच्या ऐवजी आधी मावशीच्या नावानं मारली, झालंच. खरं तर ती आयुष्यभर आधी मावशीचंच नाव घेत आली होती. एका दुपारी तिच्या चिमट्यातून घुंगरू निसटलं. थोड्या वेळानं आणखी एक. मग तिसरं. ती नेहमीपेक्षा भराभर काम करत होती आणि हातातला जोड मी आलेली दिसली की फडक्याखाली सारत होती. तिला हात दगा देतोय हे लपवतेय, असं मी ठरवून टाकलं. कागदावर लिहिलं: उजव्या हातातून वस्तू पडतात, तीन वेळा.

आणि या सगळ्यात आई खुशीत होती. हेच मला सगळ्यात भीतीदायक वाटत होतं. तिनं ट्रंकेतून माझी मोरपंखी साडी काढून उन्हात टाकली. कपबश्यांचा चांगला जोड धुऊन ठेवला. मला दोनदा चेहऱ्याला साय लावायला सांगितलं. मेंदूला काही झालं की स्वभाव बदलतो असं मी कुठंतरी वाचलं होतं.

बुधवारी दुपारी ती तांदूळ निवडत होती. मला जवळ बसवून म्हणाली, "मला सगळं कळतंय बरं का."

काय कळतंय, असं मी कसंबसं विचारलं.

"तुझं ठरवाय लागल्यात न्हवं? मामा काय उगच येऊन ऱ्हायला व्हय? दार लावून कुजबुज, कागदावर ल्हिनं, शुक्करवारी परत कोल्लापूर. मला काय दिसत न्हाय?"

तिला वाटलं, माझ्यासाठी स्थळ आलंय. आमच्याकडे दार लोटून बसलेले पुरुष, मुरगूडचा मामा आणि हातात कागद, याचा दुसरा अर्थच होत नव्हता. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. सुटल्यासारखं वाटलं, इतकंच खरं.

आईनं ताट बाजूला सारलं. "माझ्या टायमाला मी म्हागल्या खोलीत हुते. म्होरं सगळं ठरलं आन मग मला साडी नेसवली. तुझ्या बाबतीत मी तसं हू द्यायची न्हाय. कागद आन. मी सांगते ते ल्ही, आन त्यास्नी समद्यांदेखत इचार."

दुसरा कागद आणायला उठावं एवढंही सुचलं नाही. दप्तरात घडी घातलेला तोच कागद होता. मी तो उलटा करून मांडीवर धरला. आईची शाळा चौथीपर्यंत झाली होती, ती अक्षर जुळवून वाचायची, म्हणून पुढची बाजू तिला दिसू नये याची मी काळजी घेतली. ती सांगत गेली. घरात नळ आहे का. पोरगा काय खातो, काय पितो. बोलायचं ते पोरानं स्वतः बोलायचं, चुलत्यानं नाही. काही लपवून ठेवलं असेल तर आताच सांगा. आणि सगळं झाल्यावर तिनं बोट उभं केलं, "ह्येच्या वर, पयल्यांदा ल्ही. जिचं हाय तिला इचारलंय काय?"

मी ते सगळ्यात वर बारीक अक्षरात लिहिलं. लिहिताना मी मान वर केली नाही. तिला वाटलं, मी लाजतेय.

मामाला हे सांगितल्यावर तो खूश झाला. बरंच झालं, आक्काला आपल्या कुजबुजीचं आयतं कारण मिळालं, असं त्याचं म्हणणं. वडील तार ओढायला बसले.

शुक्रवारी आईनं मला मोरपंखी साडी नेसायला लावली. तिला घरी ठेवून आम्ही तिघं निघालो, आणि तीच साडी नेसून मी मेंदूच्या डॉक्टरांपुढं बसले. मामानं प्रश्न क्रमांक एकपासून सुरुवात केली, डॉक्टर सावकाश उत्तरं देत गेले. भट्टीचा संबंध नाही. वाकण्याचाही नाही, हे ऐकून वडिलांनी टोपी काढून डोकं पुसलं. माझ्या घुंगरांच्या नोंदीवर डॉक्टर म्हणाले, हे त्यांना प्रत्यक्ष तपासूनच सांगता येईल. 'साधी गाठ नसली तर?' याचंही उत्तर त्यांनी दिलं. फोटोवरून साधीच वाटते, पण खात्री काढल्यावरच. आज काढण्याची सक्ती नाही. मग त्यांनी विचारलं, ठरवणार कोण?

"आमीच की," मामा म्हणाला.

मी उत्तरं लिहून घेत होते. पुढची बाजू भरली म्हणून मी कागद उलटला, आणि वर, माझ्याच बारीक अक्षरात, आईची पहिली ओळ आली.

मला पुढं काही लिहिता येईना. मी म्हणाले, "आईला आम्ही काहीच सांगितलेलं नाही." मामानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सभेतली गुप्त गोष्ट फोडली होती. डॉक्टरांनी फाइल मिटली. ज्यांचं डोकं आहे त्यांच्याशी बोलल्याशिवाय मी पुढं जाणार नाही, असं ते म्हणाले, त्यांचेही काही प्रश्न असतील. मी म्हणाले, "आहेत. माझ्याकडे आहेत."

घरी आई दारातच उभी होती. पोरगा कसा आहे, असं तिनं विचारलं. वडील मान खाली घालून कामाच्या खोलीत गेले, मामा पाणी प्यायला आत गेला. मला तिथंच चौकटीत रडू फुटलं आणि रडत रडतच मी सगळं सांगितलं. गाठ, हरभऱ्याएवढी, डाव्या बाजूला, आठ दिवस, सगळं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "म्हंजे पोरगा न्हाईच?"

"नाही."

ती आत गेली. फडक्याखालचा जोड काढून माझ्यापुढं ठेवला. दाट घुंगरांचे, जड पैंजण होते, एकाची अजून वीतभर साखळी मोकळी होती. आठ दिवस ती ते माझ्या लग्नासाठी घाईघाईनं करत होती, म्हणून घुंगरं निसटत होती. मला तिच्याकडे बघवेना.

"कागद आन," ती म्हणाली. आता तिनं तो दोन्ही बाजूंनी वाचला, ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत. माझी खाडाखोडही वाचली. मग कागद उलटा करून पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्येचं उत्तर ल्ही."

मी लिहिलं: नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही चौघं गेलो. आईचं नाव पुकारल्यावर वडील उठले, मामा उठला, मी उठले. आईनं हातानंच आम्हाला खाली बसवलं. मी तरी येऊ का, असं मी विचारलं. "तूबी हितंच," ती म्हणाली. कागद हातात घेऊन, पदर सारखा करून ती एकटी आत गेली आणि दार लागलं.

बाक आखूड होता. आम्ही तिघं त्यावर अंग चोरून बसलो. आत काय चाललंय ते काही कळत नव्हतं. एकदा आईचा आवाज आला, शब्द समजले नाहीत. वडील टोपी हातात फिरवत होते. मला दारावर जाऊन थडकावंसं वाटत होतं. याच बाकावर ती पिशवी घेऊन बसली होती तेव्हा तिलाही असंच वाटलं असेल, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं.

ती बाहेर आली तेव्हा मामानं आणि वडिलांनी एकदमच विचारलं, काय ठरलं. आईनं चपला घातल्या आणि चालायला लागली. एस.टी.त ती खिडकीपाशी बसली. गाडी स्टँडबाहेर पडल्यावर म्हणाली, सहा महिन्यांनी परत फोटो, वाढली असली तर काढायची, तोवर काम करायचं, हाताला काही झालेलं नाही.

मग ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते, आणि आवाज मात्र तोच, मोरीतून आला होता तसा.

"डाक्टरनं मला इचारलं, थांबायचं काय म्हनून," ती म्हणाली. "मी व्हय म्हटलं."